वेगवान हालचालींच्या छायाचित्रणासाठी डिजिटल कॅमेरा की फिल्म कॅमेरा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खेळ, शर्यती, उडते पक्षी अशा विषयांसाठी आज कोणता कॅमेरा घ्यावा?

डिजिटल घ्यावा. फिल्मचे रंग, तिच्या कणांचा पोत आणि हातात धरता येणारी निगेटिव्ह यांविषयी कितीही आपुलकी असली, तरी वेगवान विषयांच्या बाबतीत जे जे मोजता येते त्यात डिजिटल कॅमेरा आता निर्विवाद पुढे आहे. मात्र तो ज्या कारणासाठी पुढे आहे असे सर्वसाधारणपणे समजले जाते, ते कारण बरोबर नाही. चर्चा बहुतेक वेळा ‘सेकंदाला किती फ्रेम’ या एका आकड्याभोवती फिरते आणि नेमक्या याच आकड्यात फिल्म कॅमेरे शेवटपर्यंत फारसे मागे नव्हते. खरा फरक पडतो तो प्रकाशाच्या हिशेबात आणि आपले काय चुकले हे जागेवर कळण्यात. पुढची बरीचशी उत्तरे या दोन गोष्टींकडे परत परत येतील.

फिल्म कॅमेरे खरोखरच संथ होते का?

नव्हते. कॅननने १९७२ मध्ये आपल्या एफ-१ या कॅमेऱ्याची सेकंदाला ९ फ्रेम घेणारी खास आवृत्ती काढली होती आणि १९८४ मध्ये नव्या एफ-१ वर आधारलेल्या कॅमेऱ्याने हा वेग १४ फ्रेमपर्यंत नेला. हे कॅमेरे मोजकेच बनले, हे खरे; पण १९९६ चा निकॉन एफ५ सेकंदाला ८ फ्रेम घेत असे आणि २००० सालचा कॅनन ईओएस-१व्ही जोड-बॅटरीपॅक लावल्यावर १० फ्रेम घेत असे. हे दोन्ही व्यावसायिक छायाचित्रकारांच्या रोजच्या वापरातले कॅमेरे होते. याउलट १९९९ मध्ये आलेला निकॉन डी१, ज्याने वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांना डिजिटलकडे वळवायला सुरुवात केली, तो सेकंदाला साडेचार फ्रेम घेई आणि त्याचे चित्र जेमतेम २.७ मेगापिक्सेलचे असे. म्हणजे ज्या काळात व्यावसायिक मंडळी फिल्म सोडू लागली, त्या काळात वेगाच्या शर्यतीत फिल्मच पुढे होती.

फिल्मची अडचण रोलच्या लांबीत होती. एका रोलमध्ये ३६ फ्रेम. सेकंदाला १० या वेगाने बटण दाबून धरले तर रोल ३.६ सेकंदांत संपतो. त्यानंतर मोटर फिल्म गुंडाळून घेईपर्यंत थांबायचे, मागचे झाकण उघडायचे, जुना रोल खिशात टाकायचा, नव्या रोलची जीभ खुणेपर्यंत ओढायची, झाकण लावायचे आणि पहिली फ्रेम सरकल्याचा आवाज ऐकायचा. सराईत हाताला यासाठी फार वेळ लागत नसे, पण अंतिम रेषेवरची झुंज त्याहून कमी वेळात आटोपते. त्यामुळे अनुभवी छायाचित्रकार रोल संपायची वाट पाहत नसत. खेळात जरा विराम आला आणि रोलमध्ये पाचसात फ्रेम उरल्या असल्या, तर त्या वाया घालवून नवा रोल चढवत. अगदीच महत्त्वाच्या वेळी गळ्यात दुसरा भरलेला कॅमेरा असे. निकॉनने काही कॅमेऱ्यांसाठी २५० फ्रेमची फिल्म मावेल असे अवजड मागचे झाकणही काढले होते. ते पाहिले की रोल बदलण्याचा जाच केवढा होता ते लक्षात येते.

आताचे कॅमेरे सेकंदाला २०, ३०, अगदी १२० फ्रेम घेतात. मग नेमका क्षण चुकायचा प्रश्नच उरत नाही ना?

उरतो, आणि हे साध्या गणिताने पाहता येते. सेकंदाला १० फ्रेम आणि प्रत्येक फ्रेमसाठी १/१००० सेकंद शटर, असे धरले तर त्या संपूर्ण सेकंदात शटर एकूण १/१०० सेकंदच उघडे असते. उरलेले ९९ टक्के घडलेले कॅमेऱ्याने पाहिलेलेच नसते. सेकंदाला १२० फ्रेम घेतल्या तरी हे प्रमाण १२ टक्क्यांच्या पुढे जात नाही.

क्रिकेटचे उदाहरण घेऊ. ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू सेकंदाला सुमारे ३९ मीटर जातो. गोलंदाजाच्या हातातून सुटून फलंदाजापर्यंत पोहोचायला त्याला अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळ लागतो, म्हणजे १० फ्रेमच्या वेगाने या सगळ्या प्रवासाच्या चारपाच फ्रेम मिळतील आणि दोन फ्रेमच्या दरम्यान चेंडू जवळजवळ चार मीटर पुढे गेलेला असेल. २० फ्रेम घेतल्या तर हे अंतर दोन मीटरच्या आसपास येते. १२० फ्रेम घेतल्या तरी ३२ सेंटिमीटर उरते. चेंडू बॅटला टेकलेला असतो तो काळ तर मिलिसेकंदांत मोजायचा. तेव्हा ‘बटण दाबून धरले की मिळेलच’ हा भरवसा १९८४ मध्ये चुकीचा होता आणि आजही पूर्णपणे बरोबर नाही. नशिबाची बाजू बळकट झाली आहे, एवढे मात्र म्हणता येईल.

या संदर्भात डिजिटलने आणलेली एक सोय खऱ्या अर्थाने नवी आहे. काही मिररलेस (आत आरसा नसलेले) कॅमेरे बटण अर्धे दाबलेले असताना चित्रे सतत तात्पुरत्या स्मृतीत घेत राहतात आणि बटण पूर्ण दाबल्यावर त्याआधीच्या अर्ध्याएक सेकंदातल्या फ्रेमही जपून ठेवतात. फांदीवरून झेपावणाऱ्या खंड्याचे चित्र घेणाऱ्याला याची किंमत सांगावी लागत नाही, कारण पक्षी उडालेला दिसून बोट हलेपर्यंत तो चौकटीबाहेर गेलेला असतो. फिल्मवर ही गोष्ट तत्त्वतःच अशक्य आहे, कारण एकदा प्रकाश पडलेली फ्रेम कोरी करता येत नाही.

हालचाल गोठवण्यासाठी शटरचा वेग किती लागतो, आणि तो दोन्हींसाठी सारखाच असतो का?

पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने सारखाच असतो. सेकंदाला १० मीटर धावणारा धावपटू १/२५० सेकंदात ४ सेंटिमीटर पुढे जातो आणि १/१००० सेकंदात १ सेंटिमीटर. आधी सांगितलेला चेंडू १/१००० सेकंदातही जवळजवळ ४ सेंटिमीटर जातो, म्हणजे आपल्या व्यासाच्या निम्म्याहून अधिक. तो गोल दिसावा असे वाटत असेल तर १/४००० सेकंदापर्यंत जावे लागते. शिवाय धडापेक्षा हातपाय, आणि हातापेक्षा हातातली रॅकेट किंवा काठी कितीतरी अधिक वेगाने फिरत असते, हे विसरून केवळ धावण्याच्या वेगावरून हिशेब केला तर चेहरा स्पष्ट आणि हात पुसट असे चित्र मिळते. कधी कधी तेच हवे असते, ही गोष्ट वेगळी. हालचाल कॅमेऱ्याच्या दिशेने होत असेल तर तीच गती बऱ्याच कमी वेगाच्या शटरनेही पकडता येते.

व्यवहारात मात्र एक फरक पडतो. ४५ मेगापिक्सेलचे चित्र पडद्यावर पूर्ण आकारात उघडून पाहिले की त्यात असा धूसरपणा दिसतो, जो ४०० आयएसओच्या (आयएसओ म्हणजे प्रकाशाच्या संवेदनशीलतेचा आकडा) फिल्मवर कणांच्या पोतातच विरून गेला असता. पूर्वी १/५०० सेकंद पुरत असे, आता पुरत नाही, अशी तक्रार जुने छायाचित्रकार करतात त्यामागचे मोठे कारण हे आहे. त्याच चित्राची मध्यम आकाराची प्रिंट काढली तर तक्रार बहुतेक वेळा आपोआप नाहीशी होते.

कमी प्रकाशात, उदाहरणार्थ बंदिस्त सभागृहातल्या सामन्यात, दोहोंमध्ये किती फरक पडतो?

सगळ्यात मोठा फरक येथेच पडतो. एखाद्या सभागृहात ४०० आयएसओ आणि एफ/२.८ अॅपर्चर (लेन्समधले प्रकाश आत सोडणारे छिद्र) धरून प्रकाशमापकाने १/१२५ सेकंद दाखवले असे समजा. बॅडमिंटनसाठी निदान १/१००० सेकंद हवे, म्हणजे प्रकाश तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होणे) कमी पडतो. डिजिटल कॅमेऱ्यावर आयएसओ ३२०० केला की काम झाले आणि आजच्या बऱ्या सेन्सरवर ३२०० हा चिंतेचा आकडाच नाही. २००७ मध्ये आलेल्या निकॉन डी३ने ६४०० आयएसओ नेहमीच्या वापराच्या कक्षेत आणला, तेव्हाच खरे तर रात्रीच्या आणि बंदिस्त जागेतल्या खेळांसाठी फिल्मचा विषय संपला होता.

फिल्मवर हाच प्रश्न कसा सोडवला जाई ते पाहण्यासारखे आहे. ४०० ची कृष्णधवल फिल्म १६०० समजून वापरायची आणि डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवायची. या प्रक्रियेला ‘पुश करणे’ म्हणतात. पण याने दोनच स्टॉप मिळतात, म्हणजे १/५०० सेकंद, आणि तेही उधारीवर. डेव्हलपिंगचा वेळ वाढवल्याने उजळ भाग निगेटिव्हवर अधिक गडद उमटतात, परंतु सावलीच्या ज्या भागात पुरेसा प्रकाश पोहोचलाच नव्हता तेथे तपशील कोठून येणार? परिणामी पांढरे फटक आणि काळेकुट्ट असे भडक चित्र मिळते, कणही खरखरीत होतात. नावात ३२०० हा आकडा असलेल्या इलफोर्ड डेल्टा किंवा कोडॅक टी-मॅक्स या फिल्मचा प्रत्यक्ष वेग, म्हणजे आयएसओ, प्रमाणित पद्धतीने मोजला तर १००० च्या आसपास किंवा त्याहून थोडा खाली भरतो. उरलेला वेग पुश करूनच मिळवायचा असतो, आणि तशी सोय ठेवूनच त्या बनवलेल्या आहेत. शिवाय जो काही निर्णय घ्यायचा तो अख्ख्या रोलसाठी. पहिल्या दहा फ्रेम उन्हात आणि पुढच्या वीस छताखाली, असे झाले की एका बाजूचे नुकसान ठरलेले.

म्हणूनच डिजिटलच्या सगळ्या फायद्यांपैकी एकच निवडायचा झाला तर प्रत्येक फ्रेमला वेगळा आयएसओ ठेवता येणे हाच निवडावा लागेल. शटर १/१००० आणि अॅपर्चर पूर्ण उघडे असे कायम करून आयएसओ कॅमेऱ्यावर सोपवला, की खेळाडू मैदानाच्या उन्हातून प्रेक्षागृहाच्या सावलीत धावत गेला तरी छायाचित्रकाराला बोट हलवावे लागत नाही. सेकंदाला किती फ्रेम या आकड्याइतका हा फायदा जाहिरातीत झळकत नाही.

दिव्यांच्या रंगाचे आणि लुकलुकण्याचे काय?

रंगीत फिल्म एकतर दिवसाच्या सुमारे ५५०० केल्विन प्रकाशासाठी बनवलेली असते किंवा ३२०० केल्विनच्या टंगस्टन दिव्यांसाठी. ट्यूबलाइटखाली काढलेले चेहरे हिरवट येतात, तो हिरवेपणा घालवणारा फिल्टर लावला तर जवळजवळ एक स्टॉप प्रकाश खर्ची पडतो, आणि मुळात प्रकाशच नसताना तो परवडत नाही. डिजिटलवर व्हाइट बॅलन्स, म्हणजे प्रकाशाच्या रंगानुसार केलेली जुळवणी, नंतरही बदलता येतो, म्हणून हा प्रश्न किरकोळ ठरतो.

लुकलुक मात्र दोघांनाही छळते. ५० हर्ट्झच्या विजेवर चालणारे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. १/१०० सेकंदाहून बरेच वेगवान शटर वापरले की कोणती फ्रेम प्रखर क्षणी पडेल आणि कोणती मंद क्षणी, ते सांगता येत नाही. एकाच मालिकेतली तीन चित्रे तीन रंगांची दिसतात. फिल्म वापरणाऱ्यांना याचा पत्ता डेव्हलप केल्यावर लागत असे. आताच्या अनेक डिजिटल कॅमेऱ्यांत ही लुकलुक ओळखून प्रखर क्षणाशी शटर जुळवण्याची सोय असते. ती चालू असताना फ्रेमचा वेग थोडा घटतो, पण घटू द्यावा.

एक्स्पोजर चुकले तर कोण अधिक सांभाळून घेते?

रंगीत निगेटिव्ह फिल्म जादा प्रकाश खुशाल सोसते. दोन स्टॉप जास्त झाले तरी चांगली प्रिंट निघते. कमी प्रकाश तिला चालत नाही. स्लाइड फिल्म (जिच्यावर थेट सुलट रंगांचे चित्र उमटते ती) अर्ध्या स्टॉपच्या चुकीलाही नाराज होते. डिजिटलची प्रकृती या बाबतीत स्लाइडच्या जवळची आहे: उजळ भाग एकदा पांढरा फटक झाला की त्यातून काहीही परत मिळत नाही, मात्र काळवंडलेला भाग रॉ फाइलमधून (सेन्सरची प्रक्रिया न केलेली मूळ नोंद) आश्चर्य वाटावे इतका वर काढता येतो. त्यामुळे उन्हात पांढरा पोशाख घातलेल्या खेळाडूचे चित्र घेताना निगेटिव्हवर थोडे जास्त आणि डिजिटलवर थोडे कमी एक्स्पोजर द्यावे. फिल्मकडून डिजिटलकडे आलेल्यांची जुनी सवय नेमकी येथे आडवी येते.

ऑटोफोकसमध्ये कितपत अंतर पडले आहे?

फार मोठे. कॅमेऱ्याच्या अंगातच ऑटोफोकस असलेला आणि बाजारात खऱ्या अर्थाने रुजलेला पहिला एसएलआर (लेन्समधून आलेला प्रकाश आरशाने व्ह्यूफाइंडरकडे वळवणारा कॅमेरा), मिनोल्टा ७०००, १९८५ मध्ये आला. पुढच्या पंधरा वर्षांत प्रगती झपाट्याने झाली आणि ईओएस-१व्हीमध्ये ४५ फोकस-बिंदू होते. सरळ धावत येणाऱ्या खेळाडूवर फोकस धरून ठेवण्यात तो कॅमेरा आजही लाजवत नाही. परंतु त्या रचनेत फोकस मोजणारा भाग आरशामागून येणाऱ्या प्रकाशावर अवलंबून असे. आरसा वर गेला की तोही आंधळा आणि व्ह्यूफाइंडरमधून पाहणारा डोळाही आंधळा. दोन फ्रेममधल्या अल्पशा उसंतीत मोजमाप करायचे आणि पुढचा अंदाज बांधायचा, असे ते काम चाले. त्यामुळेच जुने लोक म्हणत, की व्ह्यूफाइंडरमध्ये तो क्षण तुम्हाला दिसला असेल तर तो फिल्मवर नाही.

मिररलेस कॅमेऱ्यात मोजमाप चित्र टिपणाऱ्या सेन्सरवरच होते आणि ते चौकटीच्या जवळजवळ सर्व भागात होते. सोनीच्या ए९ने २०१७ मध्ये सेकंदाला २० फ्रेम घेताना व्ह्यूफाइंडर क्षणभरही काळा न होऊ देण्याची किमया केली. त्यापुढची पायरी म्हणजे कॅमेऱ्याने माणसाचा, पक्ष्याचा, प्राण्याचा डोळा किंवा मोटारसायकलस्वाराचे शिरस्त्राण स्वतः ओळखून त्यावर फोकस ठेवणे. शेतावरून उडणाऱ्या वेड्या राघूच्या डोळ्यावर फोकस ठेवणे हे काम एके काळी निव्वळ कौशल्याचे मानले जाई. आज ते बव्हंशी यंत्राचे झाले आहे. यात छायाचित्रकाराचे काही हरवले असे मला वाटत नाही, कारण चौकट रचण्यासाठी त्याचे मन मोकळे झाले.

डिजिटल कॅमेऱ्याचे बटण दाबल्यावर चित्र उशिरा येते, असे ऐकले आहे. खरे आहे का?

सुरुवातीच्या काळातल्या छोट्या घरगुती डिजिटल कॅमेऱ्यांबाबत ते अगदी खरे होते. बटण दाबल्यावर फोकस करून चित्र घेईपर्यंत मूल चौकटीबाहेर निघून गेलेले असे. हा अपकीर्तीचा शिक्का त्या कॅमेऱ्यांमुळे बसला. व्यावसायिक दर्जाच्या डिजिटल कॅमेऱ्यांना तो लागू पडत नाही. फिल्मच्या जगातही सगळे कॅमेरे तत्पर नव्हते, कारण आरसा वर जाण्याला वेळ लागतोच. अपवाद म्हणून १९९५ चा कॅनन ईओएस-१एन आरएस सांगता येईल: त्यात हलणाऱ्या आरशाऐवजी स्थिर, अर्धपारदर्शक आरसा होता आणि बटण दाबल्यापासून चित्र पडेपर्यंतचा काळ ६ मिलिसेकंदांपर्यंत खाली आणता येई. मोबदल्यात फिल्मकडे जाणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे एकतृतीयांश भाग आरसाच घेऊन टाके.

इलेक्ट्रॉनिक शटरमुळे बॅट वाकडी आणि चाके लंबगोल दिसतात, हे फिल्मवर होत नव्हते ना?

होत होते. फिल्म कॅमेऱ्याच्या पडदा-शटरमध्ये दोन पडद्यांमधली फट फिल्मवरून सरकत जाते. १/२००० सेकंद म्हणजे सगळ्या फ्रेमवर एकदम १/२००० सेकंद प्रकाश पडतो असे नसून, अरुंद फट तेवढा वेळ प्रत्येक बिंदूवरून जाते. संपूर्ण प्रवासाला तिला १/२५० सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. जुन्या काळी मोठ्या आकाराच्या प्लेटवर हा प्रवास बराच सावकाश होई. फ्रेंच छायाचित्रकार झाक आंरी लार्तिग याने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात शर्यतीच्या मोटारीचे घेतलेले चित्र याचा प्रसिद्ध नमुना आहे. त्यात मोटारीचे चाक एका बाजूला कललेल्या अंड्यासारखे आणि प्रेक्षक उलट बाजूला झुकलेले दिसतात.

साध्या सेन्सरवर इलेक्ट्रॉनिक शटरचा हा प्रवास १/३० सेकंद किंवा त्याहूनही मंद असू शकतो, म्हणून वाकडेपणा डोळ्यात भरतो. अशा कॅमेऱ्यावर वेगवान विषयासाठी यांत्रिक शटरच वापरावे. महागड्या कॅमेऱ्यांतील स्टॅक्ड प्रकारच्या (चित्र झपाट्याने वाचणाऱ्या) सेन्सरवर प्रवास यांत्रिक पडद्याच्या तोडीचा होतो, त्यामुळे निकॉनने २०२१ च्या झेड९मध्ये यांत्रिक शटर मुळी ठेवलेच नाही. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या सोनी ए९ ३मध्ये तर सगळे पिक्सेल एकाच क्षणी वाचले जातात, आणि तेथे वाकडेपणाचा प्रश्नच मिटतो.

आधी फिल्मवर शिकले तर हात चांगला बसतो, हे कितपत खरे?

अर्धे खरे आहे. ३६ फ्रेमचे बंधन असले की माणूस खेळ वाचायला शिकतो: उडी मारणारा खेळाडू सर्वोच्च बिंदूवर क्षणभर जवळजवळ स्थिर असतो, फलंदाजाचा खांदा कसा वळला की चेंडू कोठे जाणार, घार वळण घेण्याआधी शेपूट कशी तिरकी करते. या गोष्टी कळल्या की फ्रेमचा वेग दुय्यम होतो. पण शिकण्यासाठी चूक आणि तिचे कारण जवळजवळ दिसावे लागतात आणि फिल्मवर त्यांच्यात कित्येक दिवसांचे अंतर पडते. सतरावी फ्रेम कोणत्या शटरवर घेतली होती हे वहीत टिपून ठेवणारे विद्यार्थी थोडे. बाकीच्यांना चित्र का फसले ते कधीच उमगत नाही. डिजिटल फाइलमध्ये शटर, अॅपर्चर, आयएसओ आणि फोकसचा बिंदू आपोआप नोंदलेले असतात.

म्हणून सल्ला असा, की डिजिटल कॅमेराच घ्यावा, तो एका वेळी एकच फ्रेम घेईल असा ठेवावा आणि एक पूर्ण सामना ३६ फ्रेममध्ये उरकावा. शिस्त तीच लागते आणि निकाल त्याच संध्याकाळी हाती येतो. आणखी एक गोष्ट ओघात सांगायला हवी. बटण दाबून धरण्याची सवय लागलेल्यांना खरा त्रास मैदानावर होत नाही, घरी होतो; हजारो जवळजवळ सारख्या चित्रांतून एक निवडणे हे कंटाळवाणे आणि नजर थकवणारे काम आहे, आणि थकलेली नजर चुकीचे चित्र निवडते.

बफर आणि मेमरी कार्ड यांना इतके महत्त्व का?

कारण रोल संपण्याचा जुना त्रास येथे वेगळ्या रूपाने येतो. चित्रे आधी कॅमेऱ्याच्या तात्पुरत्या स्मृतीत, म्हणजे बफरमध्ये, जातात आणि तेथून कार्डावर. कार्ड संथ असेल तर ती स्मृती भरते आणि कॅमेरा ऐन वेळी अडखळतो. कॅमेरा ज्या वेगाचे कार्ड पेलतो त्या वेगाचेच कार्ड घ्यावे; रॉऐवजी जेपेग घेतल्यास मालिका बरीच लांबते.

थंडी, पाऊस आणि बॅटरी यांत कोण टिकते?

पूर्ण यांत्रिक फिल्म कॅमेरा बॅटरीशिवाय चालतो, हा त्याचा मोठा गुण; पण वेगवान छायाचित्रणाला मोटर लागते आणि मोटरला बॅटरी, त्यामुळे हा गुण येथे फारसा कामाला येत नाही. कडाक्याच्या कोरड्या थंडीत फिल्म ठिसूळ होते, आणि मोटरने ती झपाट्याने ओढली तर स्थिर विजेच्या ठिणग्या पडून निगेटिव्हवर विजेच्या फांद्यांसारख्या रेघा उमटतात. मिररलेस कॅमेरे व्ह्यूफाइंडरसाठी सतत वीज खातात आणि थंडीत बॅटरी लवकर खाली बसते. जादा बॅटरी अंगाशी, आतल्या खिशात ठेवावी.

तरीही फिल्मवरच वेगवान चित्रण करायचे ठरवले आहे. काय काळजी घ्यावी?

ऊन निवडावे. भर उन्हात ४०० आयएसओवर १/१००० सेकंद आणि एफ/८ सहज मिळते, त्यामुळे फोकसमध्येही थोडी सूट मिळते. फोकस विषयावर न ठेवता जागेवर ठेवावा: अडथळ्याच्या शर्यतीतला एक अडथळा, वळणावरचा एक ठिपका, जाळीचा कडेचा खांब; आणि विषय तेथे पोहोचण्याच्या किंचित आधी बटण दाबावे, कारण आरसा वर जायला वेळ लागणार आहे. पॅनिंग, म्हणजे विषयाबरोबर कॅमेरा फिरवत चित्र घेणे, हा प्रकार फिल्मला विशेष शोभतो, कारण १/३० ते १/६० सेकंदाला कमी आयएसओची फिल्मही चालते आणि पार्श्वभूमीच्या रेषा कणांमध्ये छान मिसळतात. विमानप्रवासात उच्च आयएसओची फिल्म हाताने तपासण्याची विनंती करावी. सामान तपासणाऱ्या नव्या सीटी यंत्रांच्या क्ष-किरणांनी ती धुकट होते.

जुना कॅमेरा घेत असाल तर वेगवान शटर-वेगांची चाचणी घेतल्याखेरीज घेऊ नये. वय झालेल्या पडद्यांचे ताण बदलतात. चकतीवर १/१००० लिहिलेले असते आणि शटर त्याहून बरेच सावकाश चालते, किंवा दोन पडद्यांचा वेग जुळत नसल्याने फ्रेमची एक बाजू काळसर येते. निरभ्र आकाश किंवा सारख्या रंगाची, सारखा प्रकाश पडलेली भिंत घ्यावी, स्लाइड फिल्म भरावी, १/१२५ पासून वरचा प्रत्येक वेग अॅपर्चर तेवढेच उघडत न्यावा आणि सगळ्या फ्रेम शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. त्या सारख्या दिसायला हव्यात. १/१००० ची फ्रेम उजळ आली तर शटर थकले आहे. कडेला काळी पट्टी आली तर दुसरा कॅमेरा पाहावा. मागच्या झाकणाच्या खाचेतला काळा फोम बोटाला चिकटत असेल तर तो बदलून घ्यावा लागेल, पण ते काम सोपे आहे.